झाडावर लावलेली नोटीस



बीड शहरात रस्ता रुंद करायचा झाला की एखादा जुना कडुलिंब आडवा येतोच. मग आपण म्हणतो, "आपल्याला कोण विचारतो?" खरे तर विचारण्याची सोय कायद्यातच आहे. ती आज समजून घेऊ.

हा कायदा १९७५ सालचा : महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. तो नगरपालिकांनाही लागू होतो. घरपट्टीच्या बिलात वृक्षकराचा रकाना असतो, तो याच कायद्याखाली. झाड आपल्याच अंगणातले असले तरी ते तोडण्यास परवानगी लागते. आणि 'तोडणे' म्हणजे केवळ कुऱ्हाड चालवणे नव्हे. झाड जाळणे, त्याला कोणतीही इजा करणे हेही त्यातच येते. बुंध्याशी कचरा पेटवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे!

अर्ज आल्यावर वृक्ष अधिकाऱ्याने झाडाची पाहणी करायची असते. वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची असते आणि नोटीस त्या झाडावरच, सहज दिसेल अशी लावायची असते. ती कोणासाठी? तुमच्या-आमच्यासाठी. झाड बोलू शकत नाही, शेजारी बोलू शकतो. पण त्या कागदाकडे आपण घरभाड्याची जाहिरात समजून पाहतही नाही.

पवित्र शास्त्रातील अनुवादाच्या पुस्तकात (२०:१९-२०) शहराला वेढा घालणाऱ्या सैन्यालाही फळझाडे तोडण्यास मनाई केली आहे. इतर झाडे मात्र तोडता येतात. म्हणजे सरसकट बंदी नाही, आधी झाड पाहा, मग ठरवा. आपला कायदाही तसाच आहे. वाळलेले किंवा जिवाला धोका असलेले झाड काढता येते.

२०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. शिवाय जितके वर्षांचे झाड तोडाल, तितकी नवी झाडे लावायची. साठ वर्षांच्या कडुलिंबाबदली साठ रोपे. हिशेब ऐकायला बरा वाटतो. पण आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागते, तेथे साठ रोपांना पाणी कोण घालणार?

झाडे वाढवता येतात, हे पालवणने दाखवले आहे. शहराजवळच्या त्या उजाड माळावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने, वनविभागाच्या साथीने सह्याद्री देवराई उभी राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे वृक्षसंमेलन भरले, आणि अध्यक्षपदी होते वडाचे झाड! मात्र पालवणच्या वडाची सावली शहरातल्या भाजीवालीच्या डोक्यावर पडत नाही. तिचे झाड तिच्याच रस्त्यावर हवे.

तेव्हा नोटीस दिसली तर मुदत पाहून नगरपालिकेत लेखी हरकत द्यावी. झाड कोणते, कोठे आहे, अंदाजे वय किती, काम थोडे बाजूला सरकवून ते वाचू शकते का, एवढे लिहिले तरी चालेल. अर्जाची पोच मात्र घ्यावी.