परिचारिकेची नोंद : सार्वजनिक विश्वासाचा दस्तऐवज

रुग्णालयात पांढऱ्या गणवेशात वावरणारी प्रत्येक स्त्री सर्वसामान्य रुग्णाच्या लेखी ‘सिस्टर’ असते. औषधाची मात्रा मोजणे, शिरेतून सलाईन लावणे, बाळंतिणीच्या उशाशी रात्रभर जागणे ही कामे तो विश्वासाने तिच्यावर सोपवितो. तिचे शिक्षण कोठे झाले हे विचारण्याची त्याची मनःस्थिती नसते आणि तेवढा अवधीही नसतो. म्हणून त्याच्या वतीने हा प्रश्न समाजाने अगोदरच विचारून ठेवावयाचा असतो. परिचारिकांची नोंदवही हे त्या प्रश्नाचे लेखी उत्तर होय. रुग्णालयाच्या समित्यांवर काम करणारे पंचायत सदस्य, वसतिगृहांचे चालक आणि नेमणुका करणारे अधिकारी यांनी हे उत्तर नीट वाचावयास शिकणे अगत्याचे आहे.

एक जुना वाद

परिचारिकांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र कायदा न्यूझीलंडने १९०१ साली केला. इंग्लंडमध्ये मात्र हा प्रश्न तीस वर्षांहून अधिक काळ वादग्रस्त राहिला. आधुनिक परिचर्येच्या प्रवर्तक फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाच नोंदणीला विरोध होता. परिचारिकेचे खरे गुण परीक्षेत मोजता येत नाहीत आणि यादीत नोंदता येत नाहीत, असे त्यांचे मत होते. उलट, प्रशिक्षित कोण व अप्रशिक्षित कोण हे जनतेला कळलेच पाहिजे, असा एथेल गॉर्डन फेनविक यांचा आग्रह होता. अखेर १९१९ साली कायदा झाला आणि १९२१ साली उघडलेल्या नोंदवहीत पहिले नाव फेनविक यांचे लागले. तथापि नाइटिंगेल यांचा आक्षेप निरर्थक ठरला, असे म्हणता येणार नाही. नोंद किमान पात्रतेची हमी देते, त्यापलीकडे नाही, हा बोध त्यातून घ्यावयाचा आहे.

आपल्याकडील व्यवस्था

भोर समितीने १९४६ साली अहवाल सादर केला, तेव्हा देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. पुढील वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा संमत झाला. १९५७ च्या दुरुस्तीने त्यात अखिल भारतीय नोंदवहीची तरतूद झाली आणि ही नोंदवही पुराव्याच्या कायद्याच्या अर्थाने सार्वजनिक दस्तऐवज मानली गेली. प्रत्यक्ष नोंदणी मात्र राज्यांच्या परिषदांकडे राहिली. आपल्या राज्यात महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये महाराष्ट्र परिचर्या परिषद हे काम पाहते. संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा नवा कायदा संमत केला असून, संगणकावर सतत अद्ययावत राहणाऱ्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद त्यात आहे.

नोंद काय सांगते?

नाव, नोंदणी क्रमांक, अर्हता आणि नोंदणीची मुदत या चार गोष्टी प्रथम पाहाव्यात. त्यांपैकी अर्हतेकडे सहसा दुर्लक्ष होते. साहाय्यक परिचारिका प्रसाविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्राचा तीन वर्षांचा, तर बी.एस्सी. पदवीचा चार वर्षांचा असतो. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येसाठी असलेल्या उपकेंद्रातील आरोग्यसेविका बहुधा पहिल्या वर्गातील असते. तिचे काम मोलाचे आहे; पण अतिदक्षता विभागाची जबाबदारी तिच्यावर टाकणे तिच्यावर व रुग्णावर सारखाच अन्याय करणारे आहे.

मुदतीचेही तसेच आहे. महाराष्ट्रात नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. भिंतीवर चौकटीत लावलेले प्रमाणपत्र ते दिले त्या दिवसापुरते खरे असते. आजची स्थिती नोंदवहीच सांगू शकते. म्हणून केवळ छायाप्रतीवर विसंबून न राहता क्रमांकाची पडताळणी परिषदेकडे करावी. परदेशांतील अनेक परवाना मंडळे उमेदवाराने आणलेली प्रत न स्वीकारता मूळ परिषदेकडूनच परस्पर खातरजमा मागवितात. हीच शिस्त तालुक्याच्या रुग्णालयानेही अंगीकारावयास हरकत नाही.

कामाचा पूर्वेतिहास

नोंदवही अनुभव सांगत नाही. कोणत्या विभागात किती वर्षे काम केले, हे पाहण्यासाठी वेगळे कागद लागतात. कायम शासकीय परिचारिकेची नेमणूक, बदली, पदोन्नती व रजा सेवापुस्तकात नोंदलेली असते. खासगी रुग्णालयातील परिचारिकेसाठी अनुभव प्रमाणपत्र व कार्यमुक्तीचे पत्र हाच आधार असतो. कंत्राटी परिचारिकेने तर प्रत्येक नियुक्ती आदेशाची प्रत जपून ठेवली पाहिजे. नेमणूक करणाऱ्याने या कागदांतील तारखा नोंदणीच्या तारखेशी ताडून पाहाव्यात. नोंदणीपूर्वीचा काळ परिचारिकेच्या अनुभवात मोजलेला आढळल्यास खुलासा मागावा.

या चौकशीलाही मर्यादा आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार कार्यालयाने आपल्या कर्मचाऱ्यांची सूची व कर्तव्ये स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असतात. परंतु व्यापक जनहित नसेल तर वैयक्तिक माहिती त्याच कायद्याने वगळली आहे. कर्मचाऱ्यास मिळालेले ज्ञापन, कारणे दाखवा नोटीस यांसारख्या बाबी या वर्गात मोडतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले. परिचारिका पात्र आहे किंवा नाही हे जाणण्याचा गावाला हक्क आहे. तिच्या घरगुती आयुष्याची चौकशी करण्याचा नाही.

परिचारिकेचेही हित

नोंद हे परिचारिकेवर ठेवलेले ओझे नव्हे, ती तिची मिळकत आहे. विवाहानंतर नाव बदलते आणि प्रमाणपत्रावर माहेरचे नाव राहते. वर्षांनंतर बढती किंवा परदेशी नोकरीच्या वेळी तीच व्यक्ती दोन ठिकाणी दोन नावांनी उभी राहते. हा बदल वेळीच परिषदेकडे नोंदविला तर पुढचा मनस्ताप टळतो. दुसऱ्या राज्यातून आलेल्या परिचारिकेनेही येथील परिषदेत नोंद करून घेणे आवश्यक आहे. अप्रशिक्षित मुलीला अल्प वेतनावर गणवेश चढविला जातो, तेव्हा रुग्णाचा जीव धोक्यात येतो, प्रशिक्षित परिचारिकेच्या श्रमाची किंमत घसरते आणि त्या मुलीवर तिला न पेलणारी जबाबदारी येऊन पडते.

ग्रामसभेत शाळेचा पट आणि रेशनची यादी तपासली जाते. आपल्या उपकेंद्रात व गावातील खासगी दवाखान्यात परिचर्या करणाऱ्यांची नोंदणी चालू मुदतीची आहे काय, हा प्रश्नही आरोग्य समितीच्या वार्षिक बैठकीत विचारला जावा. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. क्रमांक मागून घेणे आणि त्याची खातरजमा करणे एवढेच पुरते.