कडी काढून चेन नवी होत नाही

"दादा, चेन अजून चांगली आहे. एक कडी काढून देतो, वर्ष आरामात निघेल." ढिली चेन घेऊन गॅरेजला गेलेल्या बहुतेक मोटरसायकलवाल्यांनी हे वाक्य ऐकलेलं असतं. थोडक्या पैशांत काम होतं, खडखड थांबते आणि आपण खुशीत घरी येतो. माझ्या दीडशे सीसीच्या गाडीचीही अशीच कडी निघाली. काही महिन्यांनी चेन पुन्हा लोंबायला लागली, तेव्हा दुसऱ्या दुकानात नुसती नवी चेन बसवली गेली. मागच्या स्प्रॉकेटकडे बघून मेकॅनिक म्हणाला, "दात शाबूत आहेत, उगाच खर्च कशाला?" दोन्ही वेळा पुढच्या स्प्रॉकेटवरचं झाकण मात्र कोणी उघडलं नाही.

त्याचं बिल आंबा घाटात आलं. साखरप्याहून वर चढताना, ऐन पावसात, मागे मामेभाऊ बसलेला. दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेऊन अॅक्सिलरेटर पिळला की खालून कट-कट-कट आवाज यायचा आणि गाडी ओढायची नाही. इंजिनचा आवाज चढतोय, वेग तेवढाच. क्लच घसरतोय असंच आधी वाटलं. पण क्लच घसरताना असे टोले बसत नाहीत. चेन दातांवरून उडी मारते तेव्हा बसतात. पुढच्या वळणावर चेन उतरली आणि स्प्रॉकेट व हब यांच्यामध्ये अडकून मागचं चाक जाम झालं. चढ होता, वेग सायकलइतका होता, म्हणून पाय टेकून सावरता आलं. हेच साठच्या वेगात, मागे ट्रक असताना झालं असतं तर गोष्ट वेगळी होती. तुटलेली चेन पुढे गुंडाळली गेली तर इंजिनची केसिंगही फोडते.

टेम्पोत घालून गाडी मलकापूरला नेली. तिथल्या मेकॅनिकने सगळ्यात आधी पुढचं झाकण उघडलं. आत तेल, लाल माती आणि वाळू यांचा बोटभर जाड काळा लगदा. तो खरवडल्यावर स्प्रॉकेट दिसलं: दात निम्म्याने बारीक झालेले आणि सगळे एकाच बाजूला, कोयत्याच्या टोकासारखे वळलेले. नवी म्हणून घातलेली चेन त्या दातांनी काही महिन्यांत खाल्ली होती.

हे असं का होतं ते समजून घेतलं की गॅरेजमध्ये कोणी आपल्याला गुंडाळू शकत नाही. चेन "ताणली" असं आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या रबरासारख्या लांबत नाहीत. प्रत्येक जोडात एक पिन असते, ती बुशमध्ये फिरते आणि दोन्ही झिजतात. दीडशे सीसीच्या कित्येक गाड्यांना ४२८ नंबरची चेन असते. त्यातला ४ म्हणजे इंचाचे चार अष्टमांश, अर्थात दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. प्रत्येक जोड फक्त पाव मिलिमीटर झिजला तरी १२० जोडांच्या चेनची लांबी ३० मिलिमीटरने वाढते. आता कडी काढली तर काय होतं? आतल्या-बाहेरच्या कडीची जोडी निघते, चेन एक इंचाने आखूड होते आणि अॅडजस्टरची खूण पुन्हा पुढे येते. पण उरलेल्या प्रत्येक जोडातला पाव मिलिमीटर तसाच राहतो. स्प्रॉकेटचे दात १२.७ च्या मापाचे आणि चेन १२.९५ ची, असा हा संसार. रोलर दाताच्या तळाशी न बसता वर चढतो आणि दात घासत जातो. उलट बाजूने, झिजलेल्या दातांवर नवी चेन घातली की तीही लवकरच त्याच वाटेने जाते. म्हणून चेन, पुढचं स्प्रॉकेट आणि मागचं स्प्रॉकेट हे तिन्ही एकदमच बदलायचे.

त्यातही पुढचं आधी जातं. पुढे १५ दात आणि मागे ४४ असतील, तर मागचं एकदा फिरेपर्यंत पुढचं जवळजवळ तीनदा फिरतं. मार तिप्पट, आणि झाकणाआड असल्यामुळे दिसत नाही. मागचे दात चांगले आहेत एवढ्यावरून निकाल देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. "आधी पुढचं झाकण उघडा" एवढंच म्हणा. दोन-तीन बोल्टचं काम असतं.

घरच्या घरी तपासायला फारसं काही लागत नाही. डबल स्टँडवर गाडी लावून इंजिन बंद करा. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून मागे ओढा. ती दातावरून सुटून अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला, तर सेट संपलाय. दुसरी तपासणी मोजपट्टीची: खालची चेन ताणून धरा आणि एका पिनेच्या मध्यापासून पुढची २० अंतरं मोजा. नव्या ४२८ चेनमध्ये हे माप २५४ मिलिमीटर भरतं. मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते, पण माप २५९ च्या घरात गेलं म्हणजे झीज दोन टक्के झाली. मग वाद घालण्यात अर्थ नाही. चाक हाताने हळूहळू फिरवत ढिलाईही ठिकठिकाणी पाहा. एका जागी चेन घट्ट आणि दुसऱ्या जागी लोंबती असेल, तर ती सगळीकडे सारखी झिजलेली नाही. काही कड्या वाकून तशाच ताठ राहत असतील, तर आत गंज शिरलाय.

किट घेताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगा, तरी दुकानातच दात मोजा आणि चेनच्या कड्यांची संख्या जुन्याशी ताडून पाहा. "पुढे एक दात कमी टाकू, पिकअप वाढेल" हा सल्ला हमखास मिळतो. १५ च्या जागी १४ टाकले तर चढावर जोर वाढतो हे खरं, पण त्याच वेगाला इंजिन सात टक्के जास्त फिरतं आणि हायवेवर पेट्रोल जास्त जातं. कंपनीने दिलेले दात तेवढेच ठेवावेत. नुसती चेन आणि पूर्ण किट यांत मला हजारभर रुपयांचा फरक पडला. टेम्पोचं भाडं त्याहून जास्त होतं.

काम चालू असताना तिथेच उभे राहा. पुढच्या स्प्रॉकेटचा नट जुनी चेन उतरवण्याआधी सैल करायचा असतो. गिअर टाकून मागचा ब्रेक दाबला की तो सुटतो. चेन आधीच काढली तर मेकॅनिक स्प्रॉकेटमध्ये स्क्रूड्रायव्हर अडकवून हातोडा मारत बसतो. झाकणाआतला चिखल साफ करून घ्या. मागचं चाक बाहेर आलंच आहे, तर हबमधले रबर आणि चाकाचं बेअरिंग पाहून घ्या. रबर बसलेले असतील तर नव्या सेटलाही झटके बसतात. चेन लॉकची पत्ती बसवताना तिचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं, म्हणजे लॉक वरच्या बाजूला असताना पुढे. उलटी बसवलेली पत्ती कशाला तरी घासून निघू शकते.

चेन किती ढिली ठेवायची, हे मॅन्युअलमध्ये किंवा चेनजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. रोजच्या वापराच्या गाड्यांना खालच्या चेनच्या मध्यावर बहुधा २५-३० मिलिमीटरची हालचाल लागते. जी जागा सगळ्यात घट्ट, तिथे हे माप धरायचं. "टाइट करून देतो, लवकर ढिली होणार नाही" हे ऐकू नका. मागे माणूस बसला, चाक वर दबलं की चेन आणखी ताणली जाते आणि तो ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर येतो. दोन्ही बाजूंच्या अॅडजस्टरच्या खुणा सारख्या हव्यात. शिवाय मागे बसून चेनच्या रेषेत एक डोळा लावून बघा, ती सरळ धावायला हवी. एक्सल मागेपुढे झाला की ड्रम ब्रेकचा पेडलही बदलतो, तो पुन्हा लावून घ्या. नटाला स्प्लिट पिन असेल तर नवीच घाला.

निगेबद्दल थोडक्यात. साधारण दर पाचशे किलोमीटरला, आणि पावसातून किंवा धुवून आल्यावर, चेन पुसून तेल द्या. मी ९० नंबरचं गिअर ऑइल वापरतो. गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल नको. त्यात धातूचा चुरा असतो. ओ-रिंगची चेन असेल तर पेट्रोल, तारेचा ब्रश आणि प्रेशरचं पाणी तिच्यापासून लांब ठेवा. तेल खालच्या चेनच्या आतल्या बाजूला, चाक हाताने फिरवत द्यायचं. इंजिन चालू करून गिअरमध्ये चाक फिरवत फडकं लावणारे मी पाहिलेत. फडकं आत ओढलं गेलं की बोटंही जातात.

नवी चेन पहिल्या चार-पाचशे किलोमीटरमध्ये थोडी बसते, तेव्हा एकदा अॅडजस्ट करून घ्या. त्यानंतरही ती दर आठवड्याला ढिली होत असेल, तर नव्या सेटमध्ये किंवा बसवण्यात काहीतरी चूक आहे. बिल आणि जुने तिन्ही भाग घेऊन त्याच दुकानात जा आणि झाकण पुन्हा उघडायला लावा. कडी मात्र काढू देऊ नका.