चाई पडलेले मूल आणि शिक्षकाचे कर्तव्य

वर्गातील एखाद्या मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढी केसरहित जागा दिसू लागली की शेजारची मुले दूर सरकतात आणि ‘केसांना कीड लागली’ असे समजून घरची मंडळी त्यावर लसूण चोळतात. या विकारास आपण चाई म्हणतो. आयुर्वेदात त्यास इंद्रलुप्त असे नाव आहे. त्याचे खरे स्वरूप शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

कारण : चाई किडीमुळे अथवा अस्वच्छतेमुळे होत नाही. रोगजंतूंशी झुंजणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी चुकीने स्वतःच्याच केसांच्या मुळांवर हल्ला करतात व केस गळतात. सबब हा विकार एकापासून दुसऱ्यास होत नाही. मुळे बहुधा नष्ट होत नसल्याने लहान चाईवर पुष्कळदा वर्षभरात केस आपोआप उगवतात.

नायट्याहून भेद : चाईची जागा गुळगुळीत असते. डोक्यावरील नायट्यात मात्र खवले धरतात, खाज सुटते, केसांचे खुंट उरतात. नायटा बुरशीमुळे होतो आणि फणी व टोपी यांवाटे पसरतो.

उपचार : स्टेरॉइड औषधे पेशींचा हा हल्ला शमवितात. लहान मुलांस बहुधा प्रथम मलम देतात. मोठ्यांस चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने चाईच्या जागीच ट्रायअमसिनोलोनची सुई टोचतात. ती दुखत असल्याने लहानांस सहसा देत नाहीत. पोटातून दिलेल्या स्टेरॉइडने केस आले तरी औषध थांबताच ते पुन्हा गळण्याचा संभव असतो; शिवाय दीर्घकाळ घेतल्यास मुलाची वाढ मंदावते. तीव्र मलम फार दिवस लावल्यास कातडी पातळ होते. नायट्यावर तेच मलम लावल्यास खाज तात्पुरती शमते, परंतु बुरशी अधिक फोफावते. म्हणून दुकानातून परस्पर मलम आणणे घातक होय. केस पुष्कळ गेलेल्या १२ वर्षांवरील मुलांसाठी रिटलेसिटिनिब या निराळ्या औषधास अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली आहे.

शिक्षकांनी करावयाच्या गोष्टी :

१. चाई पडलेल्या मुलास वेगळे बसवू नये. टोपी घालावीशी वाटल्यास घालू द्यावी.

२. पालकांना एकांतात भेटून त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे.

३. हा रोग लागत नाही, हे वर्गास मुलाचे नाव न घेता आरोग्याच्या पाठात समजवावे.

४. चिडवण्यास त्याच दिवशी आळा घालावा.

केस केव्हा उगवतील हे डॉक्टरही निश्चित सांगू शकत नाहीत. तोवर मूल आनंदाने शाळेत येत राहणे मात्र पुष्कळ अंशी शिक्षकाच्या हाती आहे.