पोच दाखवा

मानवी हक्क संघटनेच्या सभासदाला कायद्याने कोणताही खास अधिकार दिलेला नाही, हे वाक्य आचारसंहितेत पहिलं हवं. बहुतेक ठिकाणी ते शेवटीही नसतं. 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने चौकशीचे, साक्षीदाराला समन्स काढण्याचे, सरकारकडून अहवाल मागवण्याचे अधिकार दिले ते राष्ट्रीय आणि राज्य आयोगाला. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेचा जिल्हाध्यक्ष या बाबतीत गावच्या भजनी मंडळाच्या अध्यक्षापेक्षा तसूभरही वरचा नाही. आता त्याचं ओळखपत्र बघा. कडेला सोनेरी पट्टी, वर तीन सिंह, मधे जाड लाल अक्षरांत ‘मानवाधिकार’, आणि मागे एक ओळ: सर्व शासकीय अधिकाऱ्यांनी सहकार्य करावे. हे सहकार्य कुणाच्या आदेशाने करायचं, ते कुठेच लिहिलेलं नसतं. मग तेच सिंह गाडीच्या काचेवर चढतात. राजमुद्रेचा असा वापर 2005 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे बैठकीत बोलून दाखवणाऱ्याला काड्या घालणारा म्हणतात. म्हणोत बापडे, मला आता त्याचं काही वाटत नाही. म्हणजे, फारसं वाटत नाही.

अधिकार नाही म्हटल्यावर सभासदाच्या हाती उरते ती पत. त्याने सांगितलेलं खरं असतं, एवढ्यावरच ठाण्यातला अंमलदार त्याला खुर्ची देतो आणि गांजलेला माणूस त्याला आपले कागद दाखवतो. पत कुठे विकली गेली हे भाषणांत कळत नाही, फायलीत कळतं. तीन पानी तक्रार, लेटरहेडवर, भाषा कडक. शेवटी ‘प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर’ आणि खाली मुख्यमंत्री, गृहमंत्री, पोलीस महासंचालक, राज्य आयोग अशी आठ-दहा नावं. पानं कितीही उलटा, आवक शिक्का एकाही प्रतीवर नाही. याचा अर्थ ज्याला कळला त्याला पुन्हा स्वस्थ झोप लागत नाही. तो अर्ज दाखल करण्यासाठी लिहिलेलाच नव्हता. ज्याच्याविरुद्ध होता, त्याला दाखवण्यासाठी लिहिला होता. पुढे होते ती मांडवली, आणि तक्रार करीन असा धाक घालून पैसे घेणं ही कायद्याने खंडणी आहे, तिला ‘चहापाणी’ म्हटलं तरी. तक्रारदाराला मात्र महिनोन्महिने एकच उत्तर मिळतं: ‘वर पाठवलंय, वेळ लागतो.’ इकडे मानवी हक्क संरक्षण कायद्याचं कलम 36 दिवस मोजत असतं. घटनेला एक वर्ष उलटलं की आयोगाला त्यात चौकशी करता येत नाही. पोलिसांनी नाकारलेला माणूस आपल्या दाराशी येतो आणि आपणच त्याचं शेवटचं दार बंद करतो. माझी चीड इथे आहे, आणि ती कमी व्हावी अशी माझी इच्छाही नाही.

म्हणून नवीन सभासदांना माझं सांगणं आधी पोचेचं. तक्रार दिली त्याच दिवशी आवक क्रमांकाचा फोटो तक्रारदाराच्या मोबाइलवर गेला पाहिजे, टपालाने पाठवली तर स्पीड पोस्टच्या पावतीचा. जावक वहीत नोंद नाही तो अर्ज लिहिलाच नाही असं समजा. मूळ कागद कधी हातात घेऊ नका. एफआयआर असो, वैद्यकीय दाखला असो की सातबारा, झेरॉक्स घ्या आणि मूळ प्रत समोरच परत द्या. मूळ कागद ज्याच्या कपाटात, तक्रारदार त्याच्या मुठीत, हे मी फार उशिरा शिकलो. विरुद्ध पक्षाकडे एकट्याने जाऊ नये. दोघांनी जावं आणि काय बोलणं झालं ते त्याच संध्याकाळी तारखेनिशी वहीत उतरवावं. पीडितेसोबत फोटो काढून ‘न्याय मिळवून दिला’ म्हणून फिरवायची जी हौस आहे तिला तर काय म्हणावं! अत्याचारग्रस्त बालकाची ओळख उघड करायला पोक्सोच्या कलम 23 ने बंदी आहे, बलात्कारपीडितेचं नाव छापणं हाही गुन्हा आहे. चेहरा धूसर केला आणि मागे घराची पाटी वाचता आली, तर धूसर करून काय उपयोग? बाकी नम्र राहावं, वाचन ठेवावं, वेळ पाळावी, हे सगळं आहेच.

यावर म्हणतात, ओळखपत्राशिवाय ठाण्यात कोण विचारतो? सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये डी. के. बसू खटल्यात अटकेचे नियम घालून दिले: अटकेच्या टिपणावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणं, कोठडीत दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी. हे तोंडपाठ असलेल्या माणसाला ठाण्यात अधिक मान मिळतो, आणि तो टिकतो. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. आपली धुणी चव्हाट्यावर धुतली तर पोलिसांच्या हाती कोलीत मिळेल, खऱ्या कार्यकर्त्यांनाही ते खंडणीखोर म्हणतील. म्हणतील, आणि आजही म्हणतातच. पण त्यांना उत्तर द्यायला संघटनेकडे जावक वही, पावतीपुस्तक आणि इतिवृत्त असेल तरच आवाज चढवता येतो. कोलीत देतो तो मांडवली करणारा. बोलणाऱ्याला दोष देणं सोयीचं असतं, एवढंच. तिसरा आक्षेप मी मान्य करतो: आरोप झालेल्या सभासदालाही हक्क आहेत. मानवी हक्क संरक्षण कायद्याचं कलम 16 आयोगालाही सांगतं की ज्याच्या लौकिकाला बाधा येईल त्याला आधी ऐका. तेव्हा लेखी नोटीस द्यावी, उत्तराला मुदत द्यावी, आणि निकाल देणाऱ्यांत त्याचा मित्र नको तसा वैरीही नको. गंमत अशी की या नियमाची आठवण ज्यांना अडचणीत आल्यावर होते, त्यांनी दुसऱ्याला सभासदयादीतून काढताना चार ओळींचं पत्रसुद्धा पाठवलेलं नसतं.

आणि ज्यांना तक्रार करायची आहे त्यांच्यासाठी: राज्य मानवी हक्क आयोगाकडे अर्ज करायला शुल्क नाही, वकील लागत नाही, कुठल्या संघटनेची शिफारसही लागत नाही. साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. मध्ये कुणी उभा राहिला, तर त्याच्याकडे आधी पोच मागा.