विहिरीचं पाणी: आधी तपासणीला पैसे, मग मशीनला

परभणी जिल्ह्यात ज्यांच्या घरी पिण्याला विहिरीचं किंवा बोअरचं पाणी आहे, त्यांनी आर्सेनिकच्या धास्तीनं पंधरा-वीस हजारांचं आर.ओ. मशीन घेऊ नये. आधी तपासणीवर हजारभर रुपये घालावेत, आणि त्या तपासणीतही आर्सेनिकचा नंबर शेवटी लागतो.

आर्सेनिक हे मुळात गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाचं दुखणं. पश्चिम बंगालमध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्वचेवर काळे डाग आणि तळहातांवर चामखिळीसारखे खडे घेऊन रोगी दवाखान्यात येऊ लागले, आणि माग थेट हातपंपांपर्यंत गेला. तिथला गाळ नवा, त्यात कुजका पाला भरपूर. जमिनीखाली प्राणवायू संपला की लोहाच्या कणांना चिकटलेलं आर्सेनिक सुटून पाण्यात उतरतं. म्हणून तिकडे उथळ हातपंप घातक, तर उघड्या आडाचं पाणी त्या मानानं बरं. आपल्याला सगळ्यात जवळचं ठळक उदाहरण म्हणजे छत्तीसगडमधलं कौडीकसा, अंबागड चौकीजवळचं. ते गडचिरोलीच्या सीमेपासून फार लांब नाही. पण तिथला खडक वेगळा. परभणी उभी आहे काळ्या पाषाणावर, दख्खनच्या बेसाल्टवर. त्यात आर्सेनिक मुळातच कमी, आणि मुरमातल्या उथळ पाण्याला हवाही मिळते.

मग आपल्या विहिरीत काय असतं? नायट्रेट आणि जंतू. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात नायट्रेटसाठी देशातले जे पंधरा जिल्हे पुढे आले, त्यांत सात महाराष्ट्रातले होते, आणि त्यांत नांदेड व बीड हे आपले शेजारीही. युरिया, गोठा, उकिरडा आणि शौचालयाचा शोषखड्डा, सगळ्यांचा निचरा शेवटी उथळ विहिरीकडे होतो. बोअर खोल गेला की नायट्रेट बहुधा कमी होतं, पण क्षार आणि जडपणा वाढतो, कधी फ्लोराइडही. थोडक्यात, विहीरवाल्यानं नायट्रेट आणि जंतू आधी बघावेत. बोअरवाल्यानं फ्लोराइड, टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) आणि जडपणा.

आता दर. गावच्या सार्वजनिक स्रोताची तपासणी तुमच्यासाठी फुकट आहे. ग्रामपंचायतीला पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीवरून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. ते कोणतं, हे विचारायला पैसे पडत नाहीत. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाचं प्रशिक्षण दिलं आहे. त्यातून नायट्रेट, फ्लोराइड, जडपणा यांचा अंदाज पाच-दहा मिनिटांत रंगावरून लागतो. गावात संच असेल आणि तो कपाटात कुलपात नसेल, तर पहिली पायरी तीच.

खासगी विहिरीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्हा प्रयोगशाळा आहे. एका घटकाला पन्नास-शंभर, नेहमीचे सगळे घटक मिळून सहाशे ते हजार रुपयांच्या आसपास धरून चला. दरपत्रक आधी मागून घ्या आणि पावती सोडू नका. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ओलिताचं पाणी तपासून घेऊन तो कागद पिण्याच्या पाण्याला लावणारे काही जण असतात. त्या तपासणीत पिकाला पाणी चालेल का एवढंच कळतं. जंतू त्यात नसतात.

आर्सेनिक बघायचंच असेल, तर ते साध्या तपासणीत येईलच असं नाही. वेगळं मागावं लागतं. छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याच्या एनएबीएल मान्यतेच्या खासगी प्रयोगशाळेत एका जड धातूला साधारण पाचशे ते हजार रुपये, आणि आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे पूर्ण तपासणीला तीन ते आठ हजार. घरच्या विहिरीला पूर्ण तपासणीची गरज नाही. मात्र शाळा, वसतिगृह किंवा दूध डेअरीसाठी नवा बोअर घेतला असेल, विहिरीशेजारी कीटकनाशकांचं जुनं गोदाम असेल, किंवा गंगाखेड, पूर्णा भागात नदीकाठच्या गाळात विहीर असेल, तर आर्सेनिक एकदा पाहून घ्यावं. एकदाच. मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. त्याखाली आकडा आला की विषय मिटला.

पैसा सगळ्यात जास्त वाया जातो तो नमुना चुकल्यानं. शीतपेयाची जुनी बाटली चालत नाही. जंतूंसाठी प्रयोगशाळेनं दिलेली निर्जंतुक बाटलीच घ्या, ती धुऊ नका, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. धातूंसाठीच्या बाटलीत आम्ल टाकलेलं असतं. तीही विसळायची नाही. बाकीच्यांसाठी स्वच्छ प्लास्टिक बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा. बोअर आधी दहा मिनिटं चालू द्या, टाकीतलं पाणी नको. शनिवारी दुपारी नमुना काढला, तर तो सोमवारपर्यंत घरातच पडतो. सोमवार ते गुरुवार, सकाळी, हे वेळापत्रक बरं. नायट्रेटसाठी पावसाळा संपल्यावरचा नमुना महत्त्वाचा, कारण रानातलं खत तेव्हा झिरपून आलेलं असतं.

आता आर.ओ. मशीन विकणाऱ्या विक्रेत्याच्या बॅगेतल्या वस्तूंकडे वळू. पहिली, टीडीएस मीटर. दोन-तीनशे रुपयांना मिळतो, आणि त्यात वाईट काही नाही, पण तो फक्त एकूण विरघळलेले क्षार मोजतो. पाण्यात टीडीएस ५०० असेल आणि आर्सेनिक मर्यादेच्या पाचपट, म्हणजे ०.०५ असेल, तरी ते त्या पाचशेचा दहा हजारावा भाग. मीटरला ते दिसणंच शक्य नाही. दुसरी, दोन दांड्यांचं विजेवर चालणारं यंत्र. तुमच्या ग्लासात दांड्या बुडवल्या की पाणी तांबडं-काळं होतं आणि बायामाणसं घाबरतात. तो गंज दांडीच्या लोखंडाचा असतो. आर.ओ.च्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज नीट वाहत नाही आणि ते पाणी स्वच्छ राहतं. त्याच आर.ओ.च्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगा, तेही तांबडं होईल. विक्रेता बहुधा तेवढं थांबत नाही.

अहवाल हातात आला की उपाय आकड्यावरून ठरतो. फक्त जंतू असतील, तर मशीन कशाला? टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर घ्या. हजार लिटरला पाच ग्रॅम हे नेहमीचं प्रमाण. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. त्याला १४० ग्रॅम पावडर लागते, दहा रुपयांच्या आत-बाहेर. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी विहिरीत सोडा, निदान तासभर थांबा. पावडरचं पोतं उघडं राहिलं की तिचा जोर जातो, म्हणून ताजी घ्या. पिण्यापुरतं पाणी उकळलं तरी जंतूंचं काम भागतं.

नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर मात्र उकळणं उलटंच पडतं: पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. आर्सेनिक आणि फ्लोराइडचंही तसंच. तुरटी, कापड, कँडल, यूव्ही दिवा यांनीही नायट्रेट हटत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला पावडरचं दूध देत असाल, तर ते या पाण्यात कालवू नका. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते आणि अंग निळसर पडतं. इथं सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दुसरं पाणी: नळयोजनेचं, किंवा ज्याचा अहवाल चांगला आला आहे अशा शेजारच्या बोअरचं. गावात शुद्ध पाणी केंद्र असेल तर वीस लिटरला पाच-दहा रुपये. जारवाला घरपोच वीस-तीस घेतो. रोज एक जार म्हणजे वर्षाला सात ते अकरा हजार, आणि सील नसलेल्या थंड जारमध्ये नेमकं काय आहे हे कुणी लिहून देत नाही.

त्या हिशेबात आर.ओ. परवडूही शकतो. मशीन दहा ते वीस हजार, वर्षाचा फिल्टर-सर्व्हिसचा खर्च तीन ते पाच हजार, दोन-तीन वर्षांनी मेम्ब्रेन दीड ते अडीच हजार. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर जातं. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या घरात ते मोरीत सोडणं म्हणजे पाप, भांडी-फरशीला साठवा. मेम्ब्रेन जुनी झाली की नायट्रेट आधी निसटू लागतं, चव तीच राहते. म्हणून महिनाभर वापरल्यावर मशीनमधून आलेल्या पाण्याची नायट्रेट तपासणी करा, पुढे वर्षातून एकदा. शंभर रुपयांचं काम. नुसतं पाणी जड असेल आणि बाकी सगळं मर्यादेत असेल, तर पिण्यासाठी मशीन घेऊच नका. डाळ शिजत नाही, भांड्याला पांढरे डाग पडतात, हे खरं. मुतखड्याचा सगळा दोष मात्र जड पाण्यावर टाकता येत नाही, उन्हात पाणी कमी पिणं हे त्याचं मोठं कारण.

मशीन घ्यायचं ठरलंच, तर विक्रेत्याला तुमचा अहवाल दाखवा आणि ‘या पाण्यातलं नायट्रेट ४५च्या खाली येईल’ एवढं बिलावर लिहून मागा. बिल पक्कं, जीएसटीचं. महिन्याभरानं आकडा खाली आला नाही आणि तो दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आधी तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, आणि तिथं तुमच्या बाजूनं बोलतात ते दोन कागद: मशीन घेण्याआधीचा अहवाल आणि नंतरचा.