फायबरग्लास : कांचेच्या तंतूंचें हस्तकौशल्य

हातांतून पेला निसटला कीं त्याचे तुकडे होतात, हें लहान मुलासही ठाऊक असतें. याच कांचेपासून मोटारीचें बाह्यांग घडवितात व समुद्राच्या लाटांवर चालणारी होडी बनवितात, असें कोणी सांगितलें तर प्रथमदर्शनीं ती थट्टाच वाटावी. परंतु आपल्या कोकणपट्टीवर ज्यांस 'फायबरच्या होड्या' म्हणतात, त्यांच्या अंगांत कांचेचेच तंतु असतात. या कांचेच्या बळाचें मर्म काय, तिच्यापासून वाहनांचे सुटे भाग व स्पीकरच्या पेट्या कशा घडवितात, आणि या कामांत हात घालणाऱ्यानें कोणती जबाबदारी ओळखावी, हें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

कांच बळकट कशी होते?

कांच फुटते ती मुळांत दुर्बळ असते म्हणून नव्हे. तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा असतात. ताण पडला कीं त्यांतील एखादी भेग क्षणार्धांत आरपार धांवते. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज संशोधकानें 1921 सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत असें दाखविलें कीं, कांचेचा तंतु जसजसा बारीक काढावा, तसतसा तो आपल्या जाडीच्या मानानें अधिक बळकट होत जातो. कारण बारीक तंतूंत मोठ्या भेगेस जागाच उरत नाहीं. असे असंख्य तंतु रेझिन नांवाच्या चिकट द्रवांत भिजविले व तो द्रव घट्ट झाला, म्हणजे एक तंतु तुटला तरी त्याची भेग शेजारच्या तंतूंत सहजासहजीं शिरत नाहीं. भार सोसण्याचें काम मुख्यतः तंतु करितात. त्यांस जागच्या जागीं धरून तो भार सर्वांत वांटून देण्याचें काम रेझिन करितें. भिंतीच्या मातींत भुसा मिसळणाऱ्या आपल्या खेड्यांतील गवंड्यास हें तत्त्व पूर्वीपासूनच हातानें अवगत होतें.

कांचेचा धागा तसा जुनाच. 1893 सालच्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत एडवर्ड लिबी या कारखानदारानें कांचेचे तंतु व रेशीम एकत्र विणून केलेला पोशाख मांडिला होता. परंतु असे तंतु स्वस्त व विपुल निघूं लागले ते 1930 नंतरच्या दशकांत, अमेरिकेंतील ओहायो प्रांतीं, गेम्स स्लेटर व त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांनीं. पुढें 1953 सालीं शेव्हरोले कंपनीनें 'कॉर्व्हेट' ही मोटार काढली. पहिल्या वर्षीं तिच्या अवघ्या 300 गाड्या तयार झाल्या, व त्या सर्वांचीं बाह्यांगें फायबरग्लासचीं होतीं. पोलादी पत्रा दाबून आकार देण्यास लागणारे सांचे अतिशय महाग असतात. थोड्याच गाड्या करावयाच्या असतां तो खर्च परवडत नाहीं. फायबरग्लासचा सांचा मात्र हातानेंच करितां येतो.

याच कारणानें हें काम मोठ्या कारखान्यांतून लहान कारागिराच्या पडवींत आलें. कॅलिफोर्नियांतील ब्रूस मायर्स हे होड्या बांधणारे गृहस्थ. त्यांनीं 1964 सालीं होडीचीच विद्या मोटारीस लाविली, आणि फोक्सवॅगन बीटलच्या यंत्रसामग्रीवर वाळूंत धांवणारी 'मायर्स मँक्स' ही हलकी गाडी घडविली. आपल्या देशांतही बंगळूरच्या सिपानी कारखान्यानें 1980 नंतरच्या दशकांत फायबरग्लासच्या बाह्यांगाची 'डॉल्फिन' ही मोटार काढली होती.

सांचा आणि थर

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. प्रथम हव्या त्या आकाराचा नमुना लाकूड, माती अथवा प्लास्टर यांचा करावा. थर्मोकोल वापरावयाचा असल्यास एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : पॉलिएस्टर रेझिनमध्यें स्टायरिन नांवाचा द्रव असतो, व त्याच्या स्पर्शानें थर्मोकोल विरघळून जातो. एपॉक्सी रेझिननें तसें होत नाहीं. नमुना पुट्टीनें सारखा करून पॉलिश पेपरनें गुळगुळीत घासावा. कारण नमुन्यावरील ओरखडा सांच्यांत उतरतो, व सांच्यांतील ओरखडा पुढें निघणाऱ्या प्रत्येक वस्तूंत उतरतो. मग नमुन्यावर मेणाचे अनेक हात देऊन त्यावर फायबरग्लासचे थर चढवावे. ते वाळल्यावर नमुना काढून घेतला म्हणजे सांचा सिद्ध झाला.

सांच्यालाही आंतून तसेंच मेण लावून प्रथम सुमारें अर्धा मिलिमीटर जाडीचा जेलकोट द्यावा; वस्तूचें बाहेरून दिसणारें अंग तें हेंच. तो बोटास चिकटेनासा, परंतु किंचित् ओलसर लागूं लागला, कीं मॅट पसरावी, ब्रशानें रेझिन चेपून भरावें, व खांचांच्या रोलरनें हवेचे बुडबुडे बाहेर काढावे. मॅट म्हणजे कांचेच्या तुटक तंतूंची सतरंजीच. तिची पांढरी छटा जाऊन ती पारदर्शक दिसूं लागली, म्हणजे रेझिन आंतवर पोहोंचलें असें समजावें.

येथें गणिताच्या तासाची आठवण ठेवणें बरें. समजा, एक मडगार्ड 70 सेंटिमीटर लांब व 20 सेंटिमीटर रुंद आहे. त्याचें क्षेत्रफळ 0.14 चौरस मीटर झालें. चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाच्या मॅटचे तीन थर द्यावयाचे, तर मॅट 189 ग्रॅम लागेल. रेझिन मॅटच्या सव्वादोनपट धरिलें तर तें सुमारें 425 ग्रॅम. व त्यांत शेंकडा दीड प्रमाणानें हार्डनर सुमारें साडेसहा ग्रॅम. हार्डनर सामान्यतः शेंकडा एक ते दोन या मर्यादेंत असावा, व रेझिन बनविणाऱ्यानें डब्यावर छापलेलें प्रमाण हेंच अखेरचें प्रमाण मानावें. अंदाजानें घातलेला हार्डनर कमी पडला तर वस्तु चिकट राहते. अधिक झाला तर रेझिन इतकें तापतें कीं खोल भांड्यांत त्याचा धूर निघूं लागतो व घडविलेल्या वस्तूस तडे जातात. म्हणून एका वेळीं थोडेंच मिश्रण करावें, व तें उथळ, पसरट भांड्यांत घ्यावें.

स्पीकरची पेटी

स्पीकरचा पडदा पुढें-मागें हलतो तेव्हां पुढच्या बाजूस हवा दाबली जाते, व त्याच क्षणीं मागच्या बाजूस ती विरळ होते. या दोन लाटा एकत्र मिळाल्या कीं एकमेकींस खाऊन टाकितात, व विशेषतः खर्जाचे स्वर नाहींसे होतात. मागील लाट कोंडून ठेवण्यासाठीं पेटी हवी. बंद पेटींतील हवा स्प्रिंगप्रमाणें पडद्यास आवर घालिते. म्हणून पेटीचें घनफळ नेमकें असावें, व तिला सुईएवढेंही छिद्र नसावें.

मोटारीच्या डिकीच्या वांकड्यातिकड्या कोपऱ्यांत चौकोनी लांकडी पेटी बसत नाहीं. तेथें फायबरग्लास उपयोगी पडतें. डिकीच्या त्या भागास कागदी चिकटपट्टी व त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावून मॅटचे थर दिले, म्हणजे पाठीचा आकार तंतोतंत मिळतो. तो बाहेर काढून, स्पीकर बसेल असें लांकडी कडें टेकूंवर उभारावें, व त्यावरून ताणाचें लोंकरी कापड घट्ट ताणून बसवावें. हें कापड रेझिननें भिजवून वाळविलें कीं सुरेख वळणदार दर्शनी भाग तयार होतो. परंतु तो केवळ कवच होय. खरी बळकटी आंतून दिलेल्या मॅटच्या थरांनीं येते. वळणदार भिंत सपाट फळीपेक्षां कमी थरथरते, हाही या आकाराचा लाभ.

अशा वेड्यावांकड्या पेटीचें घनफळ सूत्रानें काढितां येत नाहीं. त्यासाठीं मापानें मोजून बाजरी पेटींत ओतावी. जितके लिटर बाजरी मावली तितके लिटर घनफळ. समजा, स्पीकरला वीस लिटर जागा हवी, व तो स्वतः एक लिटर जागा व्यापतो, तर पेटी एकवीस लिटरची हवी.

एक कबुली

येथवर लिहून झाल्यावर आमच्याच एका चुकीची कबुली दिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं शेजारच्या एका दूधवाल्या गृहस्थांच्या मोटारसायकलीचें पुढील मडगार्ड आम्हीं बनविलें. ते पहांटे घरोघर दूध घालीत. गाडीवांचून त्यांचा दिवस अडे. म्हणून आम्हीं घाई केली. दुसऱ्या थराखालीं, बोल्टाच्या जागेजवळ, रुपयाएवढा बुडबुडा राहिलेला आम्हांस दिसला होता. तो कापून पुन्हा थर देण्यांत एक दिवस गेला असता. आम्हीं त्यावर पुट्टी भरली, रंग दिला, आणि मडगार्ड इतकें चकचकीत दिसूं लागलें कीं त्या गृहस्थांनीं दोनदां आभार मानिले. पावसाळ्याच्या तोंडीं त्याच जागीं भेग पडली, मडगार्ड चाकावर टेकलें, व ते गाडीसह पडले. वेग कमी होता म्हणून कोंपर खरचटण्यावर निभावलें. नवें मडगार्ड देतांना आम्हीं त्या बुडबुड्याची हकीकत सांगितली, तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "तेव्हांच सांगितलें असतें, तर मी एक दिवस थांबलों असतों."

सावधगिरी

या कामांत जपण्याच्या गोष्टी पालकांनीं अवश्य वाचाव्या. हार्डनरचा थेंब डोळ्यांत गेल्यास दृष्टि जाण्याचा संभव असतो. म्हणून चष्मा लाविल्यावांचून झांकण उघडूं नये, व थेंब उडालाच तर तत्काळ भरपूर पाण्यानें डोळा धूत राहून वैद्याकडे न्यावें. रेझिन लवकर घट्ट व्हावें म्हणून घालावयाचें कोबाल्ट आणि हार्डनर हीं दोन्हीं एकमेकांत थेट कधींही मिसळूं नयेत. त्यांचा स्फोट होतो. काम उघड्या हवेंत, आगीपासून दूर करावें. घासतांना उडणारी धूळ श्वासाबरोबर आंत जाऊं नये यासाठीं योग्य मुखपट्टी बांधावी, व शक्य तेथें पाणी लावून घासावें. उरलेलें तापतें मिश्रण कचऱ्यांत टाकूं नये. पूर्ण थंड होईपर्यंत उघड्यावर ठेवावें.

तसेंच, गाडीची चौकट, सुकाणूचे व ब्रेकचे भाग या कलेच्या कक्षेबाहेरचे होत. मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या कलम 52 अन्वयें, बनविणाऱ्यानें मुळांत दिलेल्या तपशिलाहून नोंदणीचा तपशील निराळा होईल असा फेरफार मालकास करितां येत नाहीं. गाडीस हात लावण्यापूर्वीं याची चौकशी करावी.

हातानें करावयाचें काम हलकें, असें मानणारे पालक अद्यापि भेटतात. परंतु ज्या प्रभूनें आपल्या आयुष्याचीं बहुतेक वर्षें नासरेथांत सुताराच्या घरीं काढिलीं, त्याच्या नांवानें चालणाऱ्या शाळेंत हा समज शोभत नाहीं. रसायन, गणित व ध्वनिशास्त्र हीं तीन्हीं या एका कामांत शिकावयास मिळतात. विद्यार्थिमित्रहो, तुम्ही ही कला अवश्य शिका. आणि थराखालीं बुडबुडा दिसला तर तो रंगानें झांकूं नका. कापून काढा, व ज्याची वस्तु आहे त्यास आणखी एक दिवस मागून घ्या.