बेरीज तुझं काम नाही

चि. छोटीस,


रविवारच्या राउंडचं स्कोअरकार्ड तू पाठवलंस, ते मामाने दोनदा वाचलं. अकरा होल संपले तेव्हा पारपेक्षा फक्त दोन फटके जास्त, आणि बाराव्यावर एकदम आठ. खाली तू लिहिलंस, "लक्षच लागलं नाही." मामाला वाटतं, लक्ष लागलं होतं, पण भलतीकडे. बाराव्या टीवर तू मनात बेरीज मांडलीस ना? उरलेले सात होल असेच गेले तर एकूण किती?

ही बेरीज भल्याभल्यांनी मांडली आहे. 1999 सालची ब्रिटिश ओपन स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीला होती. 1907 नंतर एकाही फ्रेंच खेळाडूने ती जिंकली नव्हती, आणि जाँ व्हॅन द वेल्ड शेवटच्या होलवर आला तेव्हा तीन फटक्यांनी पुढे होता. चार पारचा होल. सहा फटके घेतले असते तरी चषक त्याचाच. त्याने ड्रायव्हर काढला, चेंडू उजवीकडे भरकटला. तिथून बेताने खेळून पुढे सरकता आलं असतं, पण त्याने थेट ग्रीनवर नेम धरला. चेंडू प्रेक्षकांच्या मचाणावर आपटला, उलटा येऊन ओढ्याच्या दगडी भिंतीवरून उडाला आणि उंच गवतात पडला. तिसरा फटका ओढ्यात. मग बूट-मोजे काढून, पँट वर दुमडून तो पाण्यात उतरला आणि तिथूनच मारावं की काय याचा विचार करत उभा राहिला. ते छायाचित्र जगभर गेलं.

त्याची ही फजिती सगळे सांगतात, पण पुढचं कोणी सांगत नाही. पाण्यातून बाहेर येऊन त्याने दंड पत्करला, पुढचा फटका वाळूत गेला, तिथून चेंडू ग्रीनवर आला, आणि छिद्रापासून काही फुटांचा हलका फटका, म्हणजे पट, उरला. तो चुकला असता तर सगळंच संपलं असतं. इतकं होऊनही त्याने तो पट आत घातला! सात फटके, बरोबरी, आणि मग प्लेऑफमध्ये पॉल लॉरीकडून हार. मामाच्या मते त्या होलवर शिकण्यासारखा फटका हा सातवाच. आधीच्या सहांचं ओझं बाजूला ठेवून तो माणूस पुन्हा एका चेंडूपाशी परत येऊ शकला.

आता एक हिशेब करू. एका फटक्याला चाळीस सेकंदांहून जास्त वेळ घेऊ नये, असं गोल्फचे नियमच सुचवतात. ऐंशी फटके धरले तरी त्रेपन्न-चोपन्न मिनिटं होतात. राउंड मात्र चार तासांचा. बाकीच्या तीन तासांत तू चालतेस, थांबतेस, दुसऱ्यांचे फटके बघतेस. चार तास मन मुठीत आवळून धरायला गेलीस तर दहाव्या होललाच दमशील. म्हणून मधल्या वेळात त्याला मोकळं सोड. कॅडीकाकांशी गप्पा मार, केळं खा, झाडावरची पाखरं बघ. चेंडूपाशी पोहोचलीस की हातमोज्याची पट्टी घट्ट कर आणि तिथून चाळीस सेकंद त्या एका फटक्याला दे. जॅक निक्लस आधी मनात चेंडू जिथे थांबायला हवा ती जागा बघायचा, मग तिथवरची त्याची वाट, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा स्विंग. हा क्रम फार उपयोगाचा आहे. जिथे जायचं ते आधी दिसलं की ओढ्याकडे नजर कमी जाते.

फटका चुकला की राग येणारच, तो गिळू नकोस. टायगर वूड्सने स्वतःला दहा पावलांची मुभा दिली होती. तेवढ्यात हवं तितकं चिडायचं, अकराव्या पावलाला तो फटका मागे सोडायचा. त्याचे वडील तर लहानपणी तो स्विंग करत असताना मुद्दाम खिशातली नाणी वाजवायचे, बॅग पाडायचे. तुझ्या बाबांना हे सांगू नकोस, लगेच सुरू करतील.

आपल्या पुण्यात जन्मलेला गोल्फपटू अनिर्बन लाहिरी विपश्यना करतो. 2022 मध्ये अमेरिकेतल्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये तो एका फटक्याने दुसरा आला. आजी विपश्यनेसाठी इगतपुरीला दहा दिवस राहून आली आहे, तिला विचार. ती सांगेल की मन भरकटणारच, त्याला रागवायचं नाही, पुन्हा श्वासापाशी आणायचं. चुकलेल्या पटनंतर हेच करायचं असतं.

आणि शेवटचा होल संपला म्हणजे काम संपलं असं नाही. 1968 च्या मास्टर्समध्ये अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे विसेन्झोने शेवटच्या दिवशी 65 फटके मारले. त्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. सतराव्यावर त्याला तीन लागले होते, पण कार्ड लिहिणाऱ्या जोडीदाराने चार लिहिले, आणि शेवटच्या होलवर पारपेक्षा एक फटका जास्त घेऊन आलेल्या दे विसेन्झोने नीट न बघता सही केली. नियमाप्रमाणे 66 धरले गेले. प्लेऑफची संधी गेली आणि बॉब गोल्बी जिंकला.

म्हणून सही करण्याआधी अठराही आकडे एकेक करून तपास. प्रत्येक होलच्या आकड्याची जबाबदारी नियमांनी खेळाडूवर टाकली आहे. एकूण बेरीज करणं मात्र स्पर्धा समितीचं काम आहे, असं त्याच नियमांत लिहिलं आहे. तेव्हा पुढच्या रविवारी बाराव्या टीवर ती त्यांच्यावरच सोड, आणि कार्ड मामाला पाठव.

तुझा,
मामा